दादांची हाक

आमच्या गल्लीत त्याला सगळे स्पीकर म्हणायचे, आणि गंमत अशी की तो स्वतः इतकं हळू बोलायचा की समोरच्याला दोनदा "काय?" म्हणावं लागे. गाड्यांत गाणी वाजवायची यंत्रं बसवून देणं हा त्याचा धंदा. माझं दुकान त्याच्या दुकानाला खेटून. मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. मधली भिंत एका विटेची. तो वूफर तपासायला लागला की माझ्या मशीनवरचा रिळांचा डबा थरथरत थरथरत कडेला यायचा आणि खाली पडायचा. मग मी भिंतीवर कात्रीची मूठ आपटायची. पलीकडचा आवाज बंद व्हायचा आणि थोड्या वेळाने स्पीकर दारात येऊन उभा राहायचा.

"ताई, रागावलात?"

"नाही रे बाबा, आनंदाने भिंत ठोकत होते!"

तो कसंनुसं हसून खाली वाकायचा, सगळी रिळं वेचून डब्यात भरून द्यायचा आणि जायचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

गाडीत मोठ्याने गाणी लावणाऱ्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. ऐकणारा एक, आणि त्याच्यापायी चार गल्ल्यांतली तान्ही पोरं दचकून उठणार, आजारी माणसं कूस बदलत राहणार. अशांना दंड व्हायलाच हवा, आणि तोही चांगला चाप बसेल असा, हे मी स्पीकरला तोंडावर सांगायचे. तो मान डोलवायचा. "तुमचं बरोबर आहे ताई," म्हणायचा, आणि आत जाऊन पुढच्या गाडीत आणखी मोठा वूफर बसवायचा.

त्याच्या दुकानाच्या पायरीवर त्याचे थोरले भाऊ बसलेले असायचे. त्यांना सगळी गल्ली दादाच म्हणे. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला त्यांनीच वाढवलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. धाकट्याचं जमत आलं होतं, तेही मोडलं. दुकानाच्या वरच्या खोलीत दोघं भाऊ राहायचे. स्वयंपाक दादांचा, भांडी स्पीकरची, आणि मीठ जास्त झालं की दोघांची जुंपायची ती मला माझ्या मशीनवर बसून ऐकू यायची. म्हणजे दादांची बाजू ऐकू यायची. स्पीकर काय म्हणाला ते देवालाच ठाऊक.

निवृत्त झाले तरी दादांची एक नोकरी सुटली नव्हती. आमची गल्ली पुढे बंद आहे. आत आलेली प्रत्येक गाडी उलटी काढावी लागते, आणि गल्लीच्या तोंडाशी, जिथे वळण आहे तिथे, जुनी दगडी भिंत पुढे आलेली आहे. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की दादा पायरीवरून उठायचे, गाडीच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि एक हात हलवत म्हणायचे, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." आणि मग भिंत वीतभर राहिली की, "होल्ड!" त्याबरोबर डिकीवर तळहाताची थाप. गाडी जागच्या जागी थांबायची. बसमागे उभं राहून त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं.

"ड्रायव्हरला पाठीला डोळे नसतात," ते मला सांगायचे. "त्याला असतो कंडक्टरचा आवाज. मी होल्ड म्हटलं आणि गाडी थांबली नाही, असं आजवर झालेलं नाही."

"आणि दुसरं काही केलंत का आयुष्यात?" मी चिडवायचे.

"दुसरं म्हणजे हे," असं म्हणून ते आत वायरी सोलत बसलेल्या भावाकडे बोट दाखवायचे.

मग खरंच दंड सुरू झाला. चौकात वाहतूक पोलीस आवाज मोजायचं यंत्र घेऊन उभे राहायला लागले. दणदणत येणारी गाडी दिसली की बाजूला घ्यायची, यंत्र समोर धरायचं आणि पावती फाडायची. पहिल्या आठवड्यात मी पेढे वाटायच्या बेतात होते. पण स्पीकरकडे गिऱ्हाईक येईनासं झालं. जे यायचे ते बसवलेलं काढून घ्यायला यायचे. तो दिवसभर स्टुलावर बसून रिकाम्या गल्लीकडे बघायचा. दुकान बंद करून कुठे नोकरी शोधावी, असं त्याच्या मनात यायला लागलं. दादा एकदा माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, त्याला दुसरं काही येत नाही हो. हे गेलं तर तो मोडेल." भिंतीपलीकडची ती शांतता मला हवीशी वाटायला हवी होती. नाही वाटली.

तोडगा स्पीकरनेच काढला. आवाज कमी करायचा नाही, आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्याने जाड, काळी रबरी शीट आणली. गाडीच्या दारांचं आतलं प्लास्टिक उचकटून पत्र्यावर ती चिकटवायची, छतावर चिकटवायची, तळाला चिकटवायची, दारांच्या फटी रबराने बुजवायच्या. सगळ्यात जास्त थर डिकीत, कारण वूफर तिथेच. काचा लावल्या की आत कितीही दणदणाट करा, बाहेर उभ्या माणसाला फक्त इंजिनाची घरघर.

"ताई, आता बोला," तो मला म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं बोलणं मला एकदाच सांगून ऐकू आलं. "ज्याला ऐकायचंय तो ऐकेल, ज्याला नको त्याला त्रास नाही, आणि दंडही नाही. कुणाचं काही बिघडलं?"

कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. माझा रिळांचा डबा जागेवर राहायला लागला. मी त्याला मनापासून शाबासकी दिली.

गिऱ्हाइकांची रांग लागली. आणि काम पुरं झालं की प्रत्येक गाडीची परीक्षा व्हायची. ती दादांच्या हातात होती. गिऱ्हाईक आत बसायचं, काचा लावायचं, गाणं मोठ्याने लावायचं. दादा बाहेरून गाडीभोवती फिरत ओरडायचे, डिकीवर थापा मारायचे. आतल्याला काही ऐकू आलं तर काम नापास. आधी दादा नुसतंच "अहो, अहो!" करायचे. मग त्यांना चेव चढला. "अहो टकलू! बायको बोलावतेय!" असं ते एका जाड्या व्यापाऱ्याला त्याच्या काचेला नाक लावून म्हणाले, आणि तो आतून मान डोलवत गोड हसत राहिला. गल्ली लोटपोट. पुढे पुढे परीक्षा सुरू झाली की मी मशीन थांबवून दारात यायचे. "अहो उतरा, गाडी पेटली!" "मेलो मेलो, वाचवा!" दादांच्या तोंडाला धरबंध राहिला नव्हता. कंडक्टरकीत जेवढं मनात ठेवावं लागलं होतं तेवढं सगळं ते आता बाहेर काढत होते. स्पीकरला मी तेव्हाच पोट धरून हसताना पाहिलं.

त्या दिवशी पांढऱ्या गाडीचं काम होतं. मालक चांगला माणूस, शाळेत गणित शिकवणारा, जुन्या गाण्यांचा वेडा. मागच्या काचेपर्यंत वूफरची मोठी पेटी आली होती, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं. परीक्षा झाली. दादांनी त्याला गणितात नापास केलं, शेपटीवाला म्हटलं, आणि तो आत डोळे मिटून ऐकत होता. मग सगळे पांगले. मी आत येऊन मशीनवर बसले. स्पीकर दारात माझ्याकडे पाठ करून उरलेली शीट गुंडाळत होता. मास्तरांनी हात केला, काच वर घेतली आणि गाडी उलटी घेतली. गाणं त्यांनी बंद केलं नव्हतं. ते आम्हाला बाहेर कसं कळणार? त्यासाठीच तर सगळी खटपट केली होती.

दादा रोजच्यासारखे गाडीच्या मागे गेले होते. एरवी ते बाजूला, आरशात दिसतील असे उभे राहत. त्या दिवशी तिथे कुणीतरी मोटरसायकल लावून ठेवली होती, म्हणून ते गाडी आणि भिंत यांच्या मधे उभे राहिले.

"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... होल्ड!"

थाप ऐकू आली. मग पुन्हा "होल्ड! अहो होल्ड! होल्ड!" आणि पत्र्यावर धडाधड थापा.

स्पीकर हसला. मला त्याची पाठ हललेली दिसली. "दादांची परीक्षा अजून संपली नाही," तो म्हणाला, आणि शीट गुंडाळत राहिला. मीही सुईत दोरा ओवत होते आणि हसत होते.

त्यानंतर जो आवाज आला तो थापेचा नव्हता.

दवाखान्यात नेल्यावर दादांनी लगेच प्राण सोडला नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी तिथेच होते. बोलायला त्रास होत होता. त्यांना ना वेदनेबद्दल काही सांगायचं होतं, ना पांढऱ्या गाडीवाल्याबद्दल तक्रार होती. भावाचा हात धरून ते एकच सांगत होते.

"मी होल्ड म्हटलं होतं रे."

"हो दादा."

"वेळेवर म्हटलं होतं. वीतभराच्या आधी. माझी चूक नाही."

"नाही दादा, तुझी नाही. मी ऐकलं ना."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. खरंच न कळल्यासारखं त्यांनी विचारलं, "ऐकलंस? मग?"

स्पीकरचे ओठ हलले. काय बोलला ते मलाही ऐकू आलं नाही आणि दादांनाही आलं नसेल. त्यानंतर दादा बोलले नाहीत. त्याच रात्री ते गेले.

पुढे पंचनामा वगैरे जे व्हायचं ते झालं. मास्तरांवर निष्काळजीपणे गाडी चालवल्याची केस झाली. ते रडत रडत सगळं कबूल करत होते. चौकातला वाहतूक पोलीसही आला होता, आवाज मोजायचं यंत्र घेऊन. त्याने पांढऱ्या गाडीत तेच गाणं तेवढ्याच मोठ्याने लावलं, काचा लावल्या आणि यंत्र समोर धरलं. आकडा जेमतेम हलला.

"आवाजाचा गुन्हा होत नाही," तो म्हणाला. त्यालाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं.

"मग माझा दंड?" स्पीकरने विचारलं.

"तुझा कसला?"

"हे मी केलंय. ही शीट मी लावलीय. मला दंड करा साहेब."

"अरे बाबा, बाहेर आवाज आला तर दंड असतो. आवाज येत नाही याचा दंड मी कुठल्या कलमाखाली लावू?"

स्पीकर त्याच्या मागे मागे चौकापर्यंत गेला. मी त्याला दंडाला धरून परत आणलं. गाडीत मोठ्याने गाणी लावणाऱ्याला दंड व्हावा, असं मी आजही म्हणते. पण तेव्हापासून कुणी मला विचारलं, की नेमका कशाचा दंड, तर मी कात्री उचलून कापड कापायला घेते. इतकी वर्षं मला वाटायचं की त्रास होतो तो फक्त बाहेरच्यांच्या कानांना.

दुकान बरेच दिवस बंद होतं. मग पोलिसांनी गाडी सोडल्यावर मास्तर ती घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशीच थांबले, आत आणायची त्यांची हिंमत होईना. "हे काढून टाका," एवढंच म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात देऊन पायी निघून गेले.

स्पीकर वरून उतरला. दाढी वाढलेली. गाडी आत घेऊन त्याने दारं खोलली आणि शीट ओरबाडायला लागला. ती अशी चिकटली होती की बोटांतून रक्त आलं. दारांची काढली, छताची काढली, डिकीची काढली. वूफरची पेटी उचलून गल्लीत ठेवली. मी सीट उचलून धरत होते, प्लास्टिकचे खिळे वेचत होते.

सगळं झाल्यावर तो गाडीत बसला, काचा लावल्या आणि दारांतले साधे स्पीकर राहिले होते त्यांवर गाणं लावलं, मास्तर लावायचे तसं, मोठ्याने. आता ते बाहेर खणखणीत ऐकू येत होतं. मग काच थोडी खाली करून तो म्हणाला, "ताई, मागे जाता?"

मला जायचं नव्हतं. त्या भिंतीपुढे उभं राहायचं नव्हतं. पण मी मागे गेले, मात्र बाजूला, आरशात दिसेन अशी. त्याने काच लावली. गाडी हळूहळू मागे यायला लागली.

"येऊ द्या," मी म्हणाले. "येऊ द्या, येऊ द्या..."

भिंत अजून चांगली लांब होती. मला वीतभराचा धीर धरवला नाही. "होल्ड!" मी ओरडले आणि डिकीवर थाप मारली.

गाडी जागच्या जागी थांबली. मागचे लाल दिवे लागले. मी वाट बघत होते की तो आता गाणं बंद करेल, उतरेल. तो उतरला नाही. गाणं संपलं, तरी दिवे लागलेलेच. मी पुढे जाऊन काचेतून पाहिलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडत होता आणि पाय ब्रेकवर घट्ट दाबून धरला होता.

मी दार उघडलं. "झालं रे," मी म्हणाले. "गाडी थांबलीय. काढ पाय."

"ऐकू आलं, ताई," तो म्हणाला. "एका हाकेत ऐकू आलं."

एवढं मोठ्याने बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.