गप्प केलेलं चाक

जुमादिलच्या सायकल दुकानात खिळ्याला टांगलेलं ते पुढचं चाक त्याच्या धाकट्या भावाचं, कुतमानचं. गेल्या शरदात खिंडीतून उतरताना कुतमान दुसऱ्या वळणावर दरीत गेला. सायकलीचा चुराडा झाला, चाक तेवढं धड राहिलं. मेलेल्याच्या वस्तू नातलगांत वाटल्या तेव्हा जुमादिलनं चाक मागून घेतलं आणि दुआ म्हणून दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. वर्षभरात दुकानातल्या टायरांवर बोटभर धूळ साचली, या चाकावर मात्र कणही नाही. ते जुमादिल पुसत नसे. मग कोण पुसतं, हा विचार तो मनात येऊच देत नसे.

गुरुवारी दुपारी कुतमानची मुलगी बेगायिम सायकल ढकलत आली. पुढच्या चाकाचे आरे तुटून लोंबत होते. उद्या सकाळी पाच पाहुण्यांना घेऊन तिला तीच खिंड उतरायची होती, वाटाडी म्हणून पहिल्यांदाच.

"काका, बाबांचं चाक बसवा."

"ते नाही गं. दुसरं शोधतो."

"एवढ्या काराकोल गावात या मापाचं दुसरं आहे का? आणि मेलेल्या माणसाची वस्तू वापरायची असते, टांगून नाही ठेवायची. आई तर कधीपासून म्हणतेय."

जुमादिलनं चाक उतरवलं.

पलीकडच्या अंगणात भावजय झीपारा बोरसोक, कणकेचे छोटे गोळे, तळत होती. गुरुवारी तेल तापवून वास काढायचा, म्हणजे गेलेलं माणूस त्या वासावर दारापर्यंत येतं. आज तो वास दुकानभर पसरला होता.

चाक बसलं. बेगायिम चक्कर मारायला निघाली आणि लगेच आवाज आला: स्स्... स्स्... प्रत्येक फेऱ्याला एकदा. कुतमान गरम चहाचा पहिला घोट घ्यायचा ना, अगदी तसा. जुमादिलच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"घाबरलात काय? ब्रेक घासतोय," बेगायिम हसली.

घासणारच. चाक बदललं की ब्रेकची चकती केसभर सरकते. हे काम म्हणजे जुमादिलच्या हातचा मळ. सायकल स्टँडला लावली, ब्रेकच्या चिमट्याचे दोन स्क्रू सैल केले, ब्रेकची मूठ दाबून धरली, स्क्रू आवळले. चाक फिरवलं. चिडीचूप.

बेगायिम बसली. स्स्.

पुन्हा स्टँडला लावली. पुन्हा सैल, पुन्हा आवळ. चकती डोळ्याजवळ धरून पाहिली, दोन्ही बाजूंना उजेड दिसत होता. गप्प. ती बसली. स्स्.

"गंमतच आहे," बेगायिम म्हणाली, "उभी असली की गप्प असते, मी बसले की बोलते."

हेच वाक्य जुमादिलनं ऐकलं होतं. इथेच, याच उंबऱ्यावर, गेल्या वर्षी. परत जाणाऱ्या एका प्रवाशाकडून कुतमाननं हे जुनं चाक घेतलं, बसवलं आणि कुरकुरत आला, "उभी असताना गप्प असते रे दादा, मी बसलो की बोलते." हातातली चहाची वाटीही खाली न ठेवता जुमादिल म्हणाला होता, "जरा वजन उतरव, जाड्या!" आणि चिमटा बाजूला रेटून दोन मिनिटांत त्याला मोकळं केलं होतं. चाक उघडून पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी कुतमान खिंडीत गेला.

"उतर," जुमादिल म्हणाला.

"काय झालं?"

"उतर म्हणतो ना! हात लावू नकोस."

त्यानं चाक काढलं, मधला दांडा बाहेर ओढला. बाहेरून धड दिसणाऱ्या त्या पोकळ दांड्याला पाऊण घेर भेग होती. आरपारच्या बारीक सळईनं तो कसाबसा धरून ठेवला होता. भार आला की भेग उघडायची, चाक तिरकं व्हायचं आणि चकती घासायची. भेगेचं टोक चकचकीत होतं, ते दरीत पडताना फाटलेलं. बाकीचा भाग काळा, जुन्या ग्रीसनं भरलेला. कुतमान उंबऱ्यावर उभा होता तेव्हाही ती भेग होती. आणि उद्या त्याच वळणावर ही पोर ब्रेक दाबणार होती.

वर्षभर जुमादिल लोकांना सांगत आला होता, वळणावर घोडा आडवा आला असेल.

झीपारा बोरसोकांचं ताट घेऊन दारात आली. "घ्या दादा, तुमच्या भावाच्या नावाचं."

त्याचा हात ताटाकडे जाईना.

"काका, झालं का गप्प?" बेगायिमनं विचारलं.

"नाही गं," जुमादिल म्हणाला. दोघींकडे बघायची त्याची छाती होईना, तो दांड्याशीच बोलत होता. "मागच्या वेळी केलं होतं मी गप्प. तुझ्या बाबानं येऊन सांगितलं होतं मला. मीच गप्प केलं."

झीपाराच्या हातातलं ताट कललं, बोरसोक फरशीवर घरंगळले. कोणी उचलायला वाकलं नाही.