सुलभाताई आणि त्यांचे वानर

"दात झाक आधी," सुलभाताई मला म्हणाल्या. धायरीमागच्या टेकडीवर त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदाच गेले होते आणि वानराचं पिल्लू बघून हसले होते. "तुझ्यासाठी ते हसू असतं. त्याच्या आईला धमकी वाटते."

ताई आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. सकाळ मात्र टेकडीवरच्या वानरांची. एकाच टोळीच्या अभ्यासात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. आधी वानर त्यांना बघून पळत. पुढे त्यांच्या शेजारी बसून एकमेकांच्या उवा वेचू लागले. "माणसाला घाबरायचं नाही, हे मी शिकवलंय त्यांना," हे सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा.

मग आयटीच्या कंपन्या आल्या, शहराला घरं पुरेनात. टेकडी अर्धी कापली गेली, उंबर गेले, वानर नव्या सोसायटीच्या गॅलऱ्यांत शिरू लागले. लोक आधी कौतुकानं बिस्किटं देत, मग काठ्या उगारत. ताई दारोदार समजावत फिरल्या. एक इंजिनिअर वैतागला, "मॅडम, एवढं प्रेम आहे तर घरी घेऊन जा ना!"

"त्यांच्याच घरात उभे आहोत आपण," ताई म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत कुणीतरी विष घातलेली केळी टेकडीवर टाकली. कुणी, ते कळलंच नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाच-सहा वानर मरून पडले होते. एका मेलेल्या मादीचं पिल्लू अजून दूध ओढत होतं. संध्याकाळी त्यानंही ताईंच्या मांडीवर जीव सोडला.

"विष तुम्ही घातलं नाहीत, ताई," मी म्हटलं.

"नाही. त्यांची भीती मी काढून घेतली."

दुसऱ्या दिवशी ताई पिशवीत दगड आणि फटाके घेऊन टेकडी चढल्या. उरलेली टोळी नेहमीसारखी त्यांच्याकडे आली. ताईंनी दगड मारला. पुढचा हुप्प्या हललाच नाही, बघत राहिला. दुसरा दगड त्याच्या खांद्यावर बसला. मग फटाके. टोळी किंचाळत सिंहगडाच्या बाजूला उतरली. शेवटचं शेपूट दिसेनासं होईपर्यंत ताई दगड मारत होत्या. नंतर रिकामी पिशवी उचलून टेकडी उतरल्या.

त्या पुन्हा कधी टेकडीवर गेल्या नाहीत. शेवटच्या आजारपणात मी त्यांना म्हटलं, "सिंहगडाकडे एक टोळी दिसते म्हणे. गाडीनं जाऊन लांबूनच बघून येऊ?"

क्षणभर त्या उशीवरून उठू पाहत होत्या. मग पुन्हा मान टेकली.

"नको गं. ओळखून जवळ आले तर?"