कांताभाभींनी उपटलेलं रोप

कांताभाभी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अवसरीला भाचीच्या साखरपुड्यात होते. त्यांची सून एवढंच म्हणाली, "काकू, आई गेल्या... चहा पिता पिता." महिना उलटून गेला, तरी परसात गेले की माझे डोळे आधी भिंतीपलीकडे जातात.

मंचरला आमची घरं पाठीला पाठ लावून, मध्ये कमरेइतकी भिंत. त्यांचं कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथं मुरलेलं. आमच्या परसात निरगुडसरच्या शेतावरून शेणखत यायचं आणि त्यातून न पेरलेलं काय काय उगवायचं. भाभी भिंतीवरून वाकून विचारायच्या, "हे काय आलंय गं?" मी अंदाजानं एखादं नाव ठोकून द्यायचे. त्यांना ते चालत नसे. त्या पान चुरडून वास घ्यायच्या, देठातून चीक येतो का ते बघायच्या. बाजारच्या दिवशी डोंगरातल्या आहुपेकडून रानभाज्या घेऊन येणाऱ्या बायकांना डहाळी दाखवायच्या. त्यांनाही ओळखता आलं नाही, तर फूल येईपर्यंत थांबायच्या. मला वाटायचं, रिकामपणचे उद्योग.

एका श्रावणात मी कामावरून लवकर घरी आले, तर सासूबाई ओट्याशी बसलेल्या. चेहरा लाल, ओठ कोरडे पडलेले, आणि हात हवेतच काहीतरी खुडत होते. मी हाक मारली, तर माझ्याकडे बघून त्या त्यांच्या मेलेल्या बहिणीशी बोलायला लागल्या. कशीबशी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना आधी मेंदूचा झटका वाटला. मग त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या मोठ्या झालेल्या दिसल्या आणि विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणाले, परसातला तांदुळजा; सकाळी तोच करते म्हणाल्या होत्या. "नक्की तांदुळजाच?" मी हो म्हणणार होते... पण सासूबाईंना मोतीबिंदू. भाजी त्यांनीच खुडलेली, त्यांनीच शिजवलेली, आणि मी ती पाहिलीही नव्हती.

मी भाभींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अंदाजानं काही सांगू नकोस. मी बघून येते."

ती वाट बघणं मी विसरणार नाही. सासूबाईंना खाटेवर धरून ठेवावं लागत होतं. भाभी आल्या त्या ओल्या फडक्यात रोप गुंडाळून. चातुर्मासात पालेभाजीला हातही न लावणारी ही बाई आमच्या उकिरड्यावरचे देठ चिवडून आली होती. शेंडे खुडलेलं एक रोप तिनं मुळासकट उपटलं होतं. वर गटाराच्या कडेचं एक मोठं झाडही तोडून आणलं होतं, काटेरी बोंडासकट. दोन्हींची पानं तिनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"रोपाला फूल आलेलं नाही, डॉक्टर, म्हणून मी शपथेवर सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण पान तेच आहे, वासही तोच आहे. आणि हे मोठं झाड धोतऱ्याचं आहे."

डॉक्टरांनी दोन्ही पानं चुरडून हुंगली आणि लगेच नर्सला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी मला नावानं ओळखलं. म्हणाल्या, "भाजी कडूच लागली व्हती गं. पण टाकायची कशी, म्हणून खाल्ली."

घरी आल्यावर मिस्टरांनी तणनाशकाचा पंप काढला. सगळं परस जाळून टाकायचं म्हणाले. भाभी भिंतीपलीकडून ठाम बोलल्या, "भाऊ, पुढच्या पावसात पुन्हा उगवेलच. तेव्हा ओळखणार कोण?" दोघांचं चांगलंच वाजलं. मिस्टर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण पंप परत ठेवला. भाभींनी सासूबाईंना हाताला धरून परसात नेलं, धोतऱ्याचं पान त्यांच्या बोटांनी चुरडून घेतलं, त्यांना हुंगायला लावलं. मगच ती रोपं एकेक करून उपटली.

तेव्हापासून आमच्या घरी कुठलीही पालेभाजी आली की सासूबाई आधी विचारतात, "भाभीला दाखवली का?" परवा मी बाजारातून मेथी आणली. बाजारातली साधी मेथी. तरी सवयीनं त्यांनी विचारलंच. मी भिंतीपलीकडे बघितलं. त्यांचं त्यांनाच आठवलं. म्हणाल्या, "मग आण हिकडं. आपणच बघू."

आणि जुडी सोडून, एकेक पान डोळ्यांजवळ नेत, त्या बघत बसल्या.