कादंबरीतली आई मरेना

धाकटीसारखी कडक इस्त्री अख्ख्या गल्लीत कुणाची नाही. त्यात आता ती कादंबरी लिहितेय म्हटल्यावर थोरल्या भावाची छाती फुगून दुप्पट झाली. त्यांच्या इस्त्रीच्या दुकानात येईल त्याला तो सांगायचा, "आमच्या घराण्यातली पहिली लेखिका! शाळा सातवीपर्यंत, पण डोकं बघा!"

धाकटीचं घोडं मात्र अडलं होतं. कादंबरीतल्या आईला मरायचं होतं आणि ती काही मरेना. दर प्रकरणात खाटेला खिळायची अन् शेवटी उठून बसायची.

"अगं, ही आई आहे की रबरी चेंडू?" थोरला म्हणाला.

धाकटी हसली नाही. इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "दादा, आपली आई गेल्याचं सांगायला शेजारीण दुकानात आली, तेव्हा माझ्या हातात गिऱ्हाइकाचा शर्ट होता. मी तो पुरा केला, घडी घातली, मगच निघाले. घडी होईपर्यंत आई आहे, असं वाटत होतं रे. हे लिहिलं तर लोक म्हणतील, पोरीला आईपेक्षा शर्ट मोठा!"

एरवी थोरल्याचं तोंड म्हणजे फुटका नळ. पण आता त्यानं आधी इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

"शर्टासकट लिही," तो म्हणाला. "कुणी बोललं तर माझ्याकडे पाठव."

धाकटीनं कपड्यांचा ढीग सरकवला आणि लिहायला बसली. थोरल्यानं दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसला. गिऱ्हाईक आलं, तसा तो हळूच म्हणाला, "आज नाही जमणार. आत आमची आई जातेय."