बर्फावरचा नैवेद्य

जंगलात शिरण्याआधी केरबानाना वाटेच्या तोंडाशी उकिडवे बसायचे, पळसाच्या पानावर दहीभात ठेवायचे आणि समोरच्या झाडीला मोठ्याने सांगायचे, "आमी आलोय. बघून जाणार हाय. काय न्हेणार न्हाय." मग उठून आमच्याकडे वळत, "चला, राखणदाराला ठावं झालं." मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. हसू दाबून त्यांच्या मागोमाग चालायचो.

नाना शाहूवाडीकडचे. कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या विभागात ते शिपाई होते, पण खरं तर तेच मला शिकवायचे. ओल्या मातीतला खूर पाहून गवा कधी गेला, लंगडत होता की काय, हे सांगायचे. बोलणं रोखठोक. एकदा मी बिबट्याचा म्हणून एक ठसा दाखवला, तर म्हणाले, "सर, ह्यो कुत्रा हाय. पगार घेतासा न्हवं?"

सत्तरच्या दशकात हान्स नावाचा एक नॉर्वेजियन संशोधक गवे पाहायला आमच्याकडे आला. नानांच्या नजरेवर तो बेहद्द खूश झाला. जाताना म्हणाला, हिवाळ्यात माझ्याकडे या, बर्फातले माग दाखवतो. दोन वर्षांनी त्याच्या संस्थेकडून खरोखरच आम्हा दोघांची तिकिटं आली. बर्फातल्या हरणांच्या कळपाचं वर्णन हान्सने केलं होतं, ते नानांच्या डोक्यातून जाईना. "पांढऱ्यावर पांढरं हरण कसं दिसतंय, एवढं बघायचं. मग डोळं मिटलं तरी चालतंय," असं ते अख्ख्या गल्लीला सांगत सुटले.

हान्स जिथे काम करायचा ते बेट नॉर्वेच्या पार उत्तरेला. फेब्रुवारी महिना, पण सूर्य अजून उगवत नव्हता. भर दुपारी दोन-तीन तास काय तो निळसर उजेड. बंदराच्या गावापासून दिवसभराच्या अंतरावर एका लाकडी खोपटात आम्ही तिघं. हान्सने पहिल्याच दिवशी बजावलं, अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही, पांढरं अस्वल कोसांवरून वास काढतं आणि ते माणसाला भीत नाही. मी नानांना मराठीत सांगितलं, "खरकटं बाहेर टाकायचं नाही."

मी भित्रा आहे हे मला तिथे कळलं. वारा पडला की स्वतःच्या छातीची धडधड ऐकू यायची. दुसऱ्या दिवशी खोपटामागे परातीएवढा एक ठसा दिसला. हान्स म्हणाला, जुना आहे. नानांनी वाकून ठशाची कड बोटाने चाचपली आणि आत जाऊन दाराची कडी लावून पाहिली. ठसा ताजा आहे हे मी त्यावरून ओळखलं. तिसऱ्या दिवशी दुपारी हान्स थोड्या अंतरावरच्या शेडमध्ये बर्फावरची गाडी दुरुस्त करत होता, तेव्हा मी म्हणालो, "नाना, नैवेद्य ठेवू या."

"हितं? सर, हितला राखणदार आपल्या वळखीचा न्हाय. आन् सायबानं नको म्हटलंय की."

"ते खरकट्याचं. नैवेद्य म्हणजे खरकटं नव्हे."

जन्मभर विज्ञान शिकवणारा माणूस हे बोलून गेला. नानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग डब्याच्या झाकणात भात घेतला, वर लोणी घातलं आणि पंचवीसेक पावलांवर ठेवून आले. मला एकदम बरं वाटलं.

तासाभराने भिंतीला काहीतरी घासलं. खिडकीतून येणारा उजेड गेला. काय झालं ते मला कळेना. मग त्या खिडकीतल्या काळोखाने श्वास सोडला आणि काच धुरकटली. नानांनी मला मागे ओढलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभे राहिले. दार आत वाकत होतं. बिजागरीचा एक स्क्रू निघून जमिनीवर पडला. बंदूक हान्सकडे, हान्स शेडमध्ये, आणि मध्ये ते जनावर.

"हलू नगासा," नाना पुटपुटले. त्या थंडीत त्यांची मान घामाने भिजली होती. त्यांना भ्यालेलं मी प्रथमच पाहत होतो, आणि त्यामुळे माझा उरलासुरला धीरही गेला. मग बाहेर हवेत तीन बार झाले आणि दारावरचा भार हलका झाला.

हान्स आत आला तो ते झाकण हातात घेऊनच. "हे कोणी ठेवलं?" नानांना इंग्रजी कळत नव्हतं, झाकण कळलं. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात वर केला. आणि मी तोंड मिटलं. आज नाना नाहीत, तेव्हा कुठे ते उघडतो आहे. याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी हान्सने नानांना बंदराच्या गावी नेऊन सोडलं. त्याच्याकडे नियम म्हणजे नियम. उरलेले आठ दिवस ते तिथल्या एका खोलीत बसून होते. मी हान्सबरोबर परत खोपटात गेलो आणि पाचव्या दिवशी हरणांचा कळप पाहिला, त्याचा फोटो काढला.

कोल्हापुरात परतल्यावर कॉलेजच्या सभागृहात माझं व्याख्यान झालं. स्लाइड्स लावायला नेहमीप्रमाणे नानाच होते. शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"अभ्यासकाने भिऊन कसं चालेल?" मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

सभागृह रिकामं झालं तेव्हा मी त्यांच्यापाशी गेलो. "नाना, त्या दिवशी मी..."

"ऱ्हाऊ द्या. तुमी लई भ्यालतासा." त्यांचा हात प्रोजेक्टरवर होता. जरा थांबून ते म्हणाले, "सर, त्यो हरणांचा फोटू परत एकदा लावू का? मघाशी तुमी घाईनं पुढं घ्याय लावलासा. मला नीट बघाय गावला न्हाय."

मी जाऊन दिवे मालवले.