शेवटच्या रांगेतले रांगेकर

दातांच्या डॉक्टरांचं एक मोठं सुख असतं. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो, आणि तरीही त्याला एक अक्षर बोलता येत नाही. आमच्या या डॉक्टरांनी हे सुख आयुष्यभर एकाच कामी लावलं: जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांवर बोलायला. दाढ भरून घ्यायला आलेल्याला दाढ तर भरून मिळायचीच, वर जुन्या सिनेमांत जिन्यावर पडणाऱ्या सावल्यांचं महत्त्वही ऐकायला मिळायचं. मधूनच पेशंट "आं, आं" करायचा. डॉक्टर म्हणायचे, "अगदी बरोबर!" दुखतंय म्हणून ओरडतोय की पटलंय म्हणून, या भानगडीत ते पडत नसत.

घरी मात्र सगळ्यांची तोंडं मोकळी. "अहो, जिवंत माणसांचेही सिनेमे निघतात म्हणे हल्ली," असं बायको जाता-येता ऐकवायची. शेवटी डॉक्टरांनी इंटरनेटवर आपल्यासारख्या खुळ्यांचा एक ग्रुप काढला. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की सगळ्यांनी आपापल्या घरी तोच सिनेमा लावून तयार राहायचं. डॉक्टर ग्रुपवर 'पडदा!' असं लिहिणार, की सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. मग सिनेमा बघता बघता ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहायचं. थिएटरात शेजारच्याला कोपराने ढोसून बोलतो ना, तसंच. फक्त कोपर न लागता.

ग्रुपमध्ये खरं नाव सांगायचं नाही, हा नियम भूगोलाच्या बाईंचा. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा बाईंमधून निवृत्त झाली नव्हती. त्यांचं म्हणणं, "खरी नावं आली की ओळखी निघतात, ओळखी निघाल्या की नातेवाईक निघतात, आणि नातेवाईक निघाले की सिनेमा राहतो बाजूला." हे सगळ्यांना अनुभवानं पटलं.

एका गृहस्थांनी मग 'शेवटची रांग' असं नाव घेतलं. मागून कुणाचे पाय लागत नाहीत आणि डुलकी लागली तर कुणाला दिसत नाही, म्हणून तीच रांग बरी, असा त्यांचा खुलासा. ग्रुपने त्यांचं लगोलग 'रांगेकर' करून टाकलं.

रांगेकर गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार गादी दाबून, पालथं पडून, कुशीवर वळून बघायची आणि शिक्का मारायचा. "म्हणजे तुम्ही कामावर झोपता?" असं कुणीतरी विचारलंच. रांगेकरांनी लिहिलं, "कामावर झोपणारे वेगळे. माझं झोपणं हेच काम आहे. घरी आल्यावर थकव्यानं झोप लागत नाही."

पण या माणसाची खरी ख्याती होती उशिराबद्दल. बटण सगळ्यांबरोबर दाबायचे, पण सिनेमा पुढे सरकेल तसे ते मागे पडत जायचे. पडद्यावर नायकाची आई जायची. ग्रुप हळहळायचा, बाई दोन शब्द आवंढा गिळून लिहायच्या. मग नायक सावरायचा, शहरात जायचा, नायिकेबरोबर होडीत बसून गाणं म्हणायला लागायचा. आणि गाण्याच्या ऐन भरात रांगेकरांचं वाक्य यायचं: "म्हातारीचा खोकला काही बरा दिसत नाही हं."

हसून हसून डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"रांगेकर, तुमचं इंटरनेट बदला," बाई दर रविवारी बजावायच्या.

"बघतो," रांगेकर लिहायचे. वर्षानुवर्षं ते नुसतंच बघत राहिले.

दुसरी गोष्ट म्हणजे, नायकाशी त्यांचा उभा दावा होता. "हा कामाला कधी जातो?" "मुलीच्या बापाचं काय चुकलं? मी असतो तर कुत्रा सोडला असता." "खलनायक निदान नीटनेटका तरी राहतो." डॉक्टर पक्के नायकाच्या बाजूचे. मग दोघांची जुंपायची, ती पार बुधवारपर्यंत चालायची. पेशंट खुर्चीत ताटकळलेला आणि डॉक्टर फोनवर खलनायकाचा पंचनामा करतायत, असंही व्हायचं. भांडता भांडता एकमेकांच्या तब्येती, डॉक्टरांच्या मुलीचं लग्न, कारखान्यातला नवा साहेब, असं सगळं बोलून व्हायचं. एकदा रांगेकरांची दाढ ठणकत होती, तेव्हा डॉक्टरांनी फोटो मागवला होता. रांगेकरांनी इमानदारीत फक्त दाढेचा फोटो पाठवला. प्रत्यक्ष भेट मात्र कधी झाली नाही.

आणि एक दिवस ग्रुपवर रांगेकरांच्याच नावाने दोन ओळी आल्या. 'यांना हृदयविकाराचा झटका आला. काल गेले. आपण सगळे यांचे मित्र होतात, म्हणून कळवलं.'

त्या रविवारी 'पडदा!' कुणी लिहिलंच नाही. डॉक्टर बंद टीव्हीसमोर बसून राहिले.

"अहो, जेवला का नाहीत?" बायकोने विचारलं. मग तिला त्यांचे डोळे दिसले. "ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी रडताय?"

"दाढ पाहिलीय," डॉक्टर म्हणाले.

बायको हसणार होती, पण हसली नाही. शेजारी बसली. "मित्र होता म्हणता, मग एकदा घरी नाही का बोलवायचं?"

हे मात्र डॉक्टरांना लागलं. बोलायला गेलं तर तिचं बरोबरच होतं. घर पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही, उद्या रस्त्यात समोरून आला असता तर वाट सोडून पुढे गेलो असतो. याला मित्र म्हणायचं की आपली समजूत? त्या दोन ओळींतल्या 'मित्र' शब्दाला आपण पात्र आहोत का? हा सल काही केल्या जाईना. त्यात बाईंनी फर्मान काढलं, की ग्रुपतर्फे कुणीतरी भेटायला गेलंच पाहिजे, आणि तो कुणीतरी म्हणजे डॉक्टर. घरच्यांकडून पत्ता आला. डॉक्टर तो बघून कपाळाला हात लावून बसले. रांगेकर याच शहरात, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ राहत होते.

पुढच्या रविवारी दुपारी डॉक्टर तिथे पोचले. दार उघडंच होतं. लहानसं, झाडून पुसून लख्ख ठेवलेलं घर. खुर्च्या साध्या, पण बसायच्या दिवाणावरची गादी अशी, की डॉक्टर बसले ते जवळजवळ अदृश्यच झाले. समोर कपाटावर फोटो. गोल चेहरा, बारीक मिशी, मिश्कील डोळे. तोंड मात्र मिटलेलं. 'तिकडे नुसती दाढ, आणि इथे दाढ सोडून सगळं,' डॉक्टर मनात म्हणाले.

आतून एक घाईतले गृहस्थ आले. "आपण कारखान्यातले?"

"नाही. आमची ओळख... म्हणजे, इंटरनेटवरून आलोय मी."

"मग अजून बसलात काय? या, या!" गृहस्थांनी त्यांना हात धरून गादीतून उपसून काढलं आणि थेट कोपऱ्यातल्या लुकलुकत्या डबीपुढे उभं केलं. "मी यांचा मेहुणा. कालच फोन केला होता तुमच्या कंपनीला. कनेक्शन बंद करायचंय. आता कोण वापरणार?"

डॉक्टरांना कुणी अधिकारानं उभं केलं की उलटून बोलता येत नसे. ते वाकून डबीकडे बघू लागले. वर "हं" असंही म्हणाले.

"दादा, अरे कुणाला राबवतोयस?" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. रांगेकरांची बायको हात पुसत बाहेर आली. "तुम्ही डॉक्टर ना? सावल्यांवर लिहिता ते?"

डॉक्टर डबी सोडून सरळ उभे राहिले. "हो, वहिनी," ते म्हणाले. वहिनी म्हणायचा आपल्याला हक्क आहे का, हा विचार शब्द निसटल्यावर आला. "मला फार आधी यायला हवं होतं."

"कोण आलंय?" आतल्या खोलीतून तोफेसारखा आवाज आला. मागोमाग काठी टेकत एक वाळक्या अंगाची, ताठ मानेची म्हातारी अवतरली.

"माझी आई," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडेच असते. ऐकू अजिबात येत नाही, बाकी सगळं येतं." मग आईच्या कानाशी ओरडल्या, "डॉक्टर! पडदावाले!"

"हात्तिच्या, ते घाईवाले!" म्हातारी डॉक्टरांना निरखत म्हणाली. "काय हो, सिनेमा पळवत नेता? पाठीमागे कोण राहिलंय, बघायला नको?"

डॉक्टरांना काही कळेना. वहिनींनी मग सांगितलं. आजींना सिनेमाचं भारी वेड, पण कान गेलेले. म्हणून जावई टीव्हीसमोर सासूच्या कानाशी खुर्ची लावून बसायचे. पडद्यावर कुणी बोललं, की सिनेमा थांबवायचा, तेच वाक्य कानात ओरडून सांगायचं आणि मग पुढे जायचं. प्रत्येक वाक्याला.

"म्हणून ते मागे पडायचे!" डॉक्टर म्हणाले. "आणि आम्ही त्यांना इंटरनेट बदला म्हणायचो. एका शब्दानं बोलले नाहीत कधी."

"मी म्हणायचे, सांगा त्यांना. तर म्हणायचे, सांगितलं की ती भली माणसं थांबतील. शेवटच्या रांगेनं सिनेमा थांबवायचा नसतो." वहिनींनी आईकडे पाहिलं. "आणि ती मतं असायची ना, नायक कामाला कधी जातो वगैरे? ती आईची. आई बोलायची, हे लिहायचे. सगळं नाही लिहायचे. काही शब्द घरातच ठेवायचे."

"म्हणजे कुत्रा सोडला असता..."

"आई."

डॉक्टर मटकन गादीत बसले. वर्षानुवर्षं आपण बुधवारपर्यंत ज्याच्याशी भांडलो, त्यातला निम्मा माणूस कपाटावर फोटोत होता आणि निम्मा समोर काठी आपटत उभा होता. कुणासाठी किती रडायचं, याचा त्यांना हिशोबच लागेना.

"त्यांचं स्वतःचं काही मत असायचं की नाही मग?" त्यांनी हळूच विचारलं.

"असायचं की. ते नायकाच्या बाजूचे. तुम्ही आईला चांगलं उत्तर दिलंत की खूश व्हायचे आणि तिच्या कानात दुप्पट आवाजात वाचून दाखवायचे. म्हणायचे, घरात मला बोलायची सोय नाही, पण डॉक्टर माझ्या वतीनं भांडतात."

डॉक्टरांनी फोटोकडे पाहिलं. मिटल्या तोंडाचा तो माणूस आता चांगलाच हसताना दिसत होता.

"तुमचं कुजबुजणं झालं असेल तर मला सांगा," आजी कडाडल्या. "त्या बंगल्यातला खून कुणी केला? अर्ध्यात इथली वीज गेली. राहिलेला पुढल्या रविवारी बघू म्हणाले, आणि निघून गेले. जावई कधी शब्द मोडत नसत." एवढा वेळ खणखणणारा आवाज शेवटी किंचित चिरकला. "मला वाटतं, त्या नायकानंच केला असणार. बिनकामाचा मेला."

"छे हो, नायकाने कशाला, तो तर..."

"सांगू नका!" आजी काठी उगारून ओरडल्या. त्यांना ऐकू गेलं नव्हतं, पण डॉक्टरांचं तोंड उघडलेलं दिसलं होतं. "दाखवा!"

वहिनींनी टीव्ही लावला. त्यांनी आईच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची ओढली आणि रिमोट डॉक्टरांच्या हातात दिला. मेहुणाही डबीकडे जायचं सोडून येऊन बसला.

डॉक्टरांनी सिनेमा सुरू केला. वकील काहीतरी म्हणाला. डॉक्टरांनी थांबवलं आणि सभ्य आवाजात आजींच्या कानाशी ते सांगितलं.

"काय?"

जरा मोठ्यानं सांगितलं.

"डॉक्टर, दात काढायचा नाहीये माझा. घाबरता काय? ओरडा!"

डॉक्टर ओरडले. चार वाक्यं गेल्यावर आजींनी पुन्हा हात वर केला. "हे असं नाही चालायचं. वकील, माळी, नायिका, सगळी एकाच आवाजात बोलतायत. जावई प्रत्येकाचा निराळा आवाज काढायचे. नायिकेचा तर असा काढायचे, की मला दृष्ट काढावीशी वाटायची."

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली; होय, काढायचे. डॉक्टरांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्यानं सोयिस्करपणे छताकडे पाहिलं. पडद्यावर नायिका हातात मेणबत्ती घेऊन बंगल्याच्या दारात उभी होती आणि तिला काहीतरी भयंकर दिसलं होतं. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उभ्या आयुष्यात काढला नव्हता असा बारीक आवाज काढून किंकाळी फोडली, "वाचवा हो, कुणीतरी वाचवा!"

आजी खुर्चीत उडाल्या. "वा!" त्या म्हणाल्या. "आता जमलं!" वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग हसता हसता त्यांना रडू आलं, आणि ते पुसता पुसता पुन्हा हसू आलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. डॉक्टरच उठून गेले. खालच्या मजल्यावरचे शेजारी धापा टाकत उभे होते, हातात लाटणं. जे हाताला लागलं ते घेऊन निघाले असावेत.

"काय झालं? बाई कोण ओरडल्या?"

"बाई नाही," डॉक्टर खाकरून म्हणाले. "मी. सिनेमा चाललाय."

शेजाऱ्यांनी आत डोकावून पाहिलं. आजी, दोन खुर्च्या, थांबलेला टीव्ही. लाटणं हळूहळू खाली आलं. "रविवार, नाही का," ते म्हणाले. "मागच्या रविवारी वर एकदम सामसूम होती. आमच्या घरात कुणाला जेवणच गेलं नाही." मग त्यांनी डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आपल्याला पाहिलं नाही कधी. आपण कोण यांचे?"

"मित्र," डॉक्टर म्हणाले. विचार न करता, आणि अजून थोडा नायिकेच्याच आवाजात.

"डॉक्टर!" आतून तोफ डागली गेली. "गप्पा मारत काय बसलात? ती पोर मेणबत्ती घेऊन दारातच उभी राहिलीय केव्हाची!"