सुलभाची सपाट रेघ

दोन संशोधक एकत्र बसले की थिअरम निघेलच असं नाही, पण किस्सा हमखास निघतो. नव्वदच्या दशकात बंगळूरच्या आमच्या लॅबमध्ये तर थिअरम मोजके आणि किस्से ढीगभर! न्यूरल नेटवर्क म्हणजे चुका करत करत शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्राम. तो नेमका कसा शिकतो, याचं गणित आम्ही मांडायचो. आम्ही म्हणजे बेळगावचे देसाई सर, त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी सुलभा, नागपूरचा निखिल आणि पुण्याचा मी.

*

मी चामराजपेटेत एका जुन्या मराठी कुटुंबाकडे भाड्याने राहायचो. घरमालकीण अक्कांनी एकदा विचारलं, "दिवसभर करता तरी काय हो?"

म्हटलं, "अक्का, मशीन चुकतं. किती चुकलं ते आम्ही त्याला सांगतो. मग ते जरा सुधारतं, आणि पुन्हा चुकतं."

अक्का एकदम खूश. "मग आमच्या पोराला, श्रीधरला घेऊन जावा की! निम्मं काम त्याला आत्ताच येतंय!"

*

नेटवर्क शिकायला लागण्याआधी त्यातल्या प्रत्येक जोडणीला एक आकडा द्यावा लागतो, आणि तो रँडम द्यायचा असतो. निखिल नवा होता. त्याने सगळ्यांना एकच आकडा दिला. साहजिकच नेटवर्कचे सगळे भाग अगदी एकसारखंच शिकत बसले.

सर म्हणाले, "अरे, हा काय वर्ग आहे? सगळे एकमेकांची कॉपी करतायत! सुरुवातीला थोडा गोंधळ पाहिजेच."

"किती घालू, सर?"

"थोडाच. तुझ्या टेबलावर आहे तेवढा नको!"

*

सरांची थिअरी अनंत मोठ्या नेटवर्कसाठी होती. आमचा कॉम्प्युटर मात्र जरा मोठं नेटवर्क दिलं की मान टाकायचा. निखिल वैतागून म्हणाला, "सर, थिअरी अनंताची आणि मशीन आठ एमबीचं!"

सर शांतपणे म्हणाले, "म्हणून तर थिअरी करतो. तिला रॅम लागत नाही."

*

आणि सुलभाचा व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा!

शिकताना नेटवर्कची चूक आधी भराभर कमी होते, मग आलेखाची रेघ सपाट होते. बघणाऱ्याला वाटतं, अडकलं. सुलभाचा सगळा प्रबंध एवढंच सांगत होता की ते अडकलेलं नसतं. आत हळूहळू फरक पडत असतो आणि रेघ पुन्हा खाली येते. पंचाईत अशी, की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका उलटा पेपर लिहिला होता: अशी नेटवर्क तिथे कायमची अडकतात! ते 'नाही' म्हणाले असते, तर तिची सगळी वर्षं पाण्यात.

"कागदावर ठीक आहे," ते म्हणाले. "माझ्यासमोर चालवून दाखवा."

सुलभाने प्रोग्राम सुरू केला. रेघ थोडी घसरली आणि सपाट झाली. कॉफी आली, कॉफी संपली, रेघ तशीच. देसाई सर स्वच्छ चष्मा पुन्हा पुसायला लागले.

"अडकलं ना? बंद करा आता," परीक्षक म्हणाले.

"स्वल्प थांबा, सर," म्हणत सुलभाने कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.

निखिल देवाचं नाव घेत होता. मीही!

आणि रेघ घसरली! थेट तळापर्यंत! निखिलने तर टाळ्याच वाजवल्या.

परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली आणि सपाट रेघेच्या साधारण मध्यावर बोट ठेवलं.

"आम्ही इथे बंद केलं होतं."